कावळ्याला जायचं राहिलं

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत सोनं निघतं, या गोष्टीचं पुण्याच्या नातेवाइकांना फार कौतुक. मुरलीधर पेंढारकर सोन्याच्या खाणीत इंजिनिअर आहे म्हटलं की मुरलीधर घमेल्यानं सोनं घरी आणतोय असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे यायचं. प्रत्यक्षात घरी यायची ती लाल धूळ. बुटांत, कानांत, गाडीच्या सीटवर, आणि चांगली चोळून अंघोळ केली तरी नखांत उरलेली. सोनं त्यानं हातात धरलं होतं एकदाच, तेही कोणी मोठे पाहुणे आले होते म्हणून, आणि लगेच परत दिलं होतं. बाकीचा सगळा काळ तो दगड दळणाऱ्या अजस्र गिरण्यांशेजारी उभा राहून त्या बंद पडू नयेत म्हणून जिवाचं रान करायचा.

माणूस सरळ होता. कामाला वाघ, बोलायला कंजूष, आणि झोपेला पक्का. डॉक्टरकडच्या बाकावर, विमान उडायच्या आधी, इतकंच काय, स्वतःच्या पन्नाशीच्या पार्टीत केक कापून झाल्यावर सोफ्यावर, तो कुठंही झोपू शकायचा. चित्रलेखा, त्याची बायको, पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरात दोनच गोष्टी वेळेवर होतात. कचऱ्याची गाडी येते आणि मुरली झोपतो." सगळे हसायचे. मुरलीधरही हसायचा, जागा असला तर.

चित्रलेखा गावच्या इस्पितळात रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. गप्पिष्ट बाई. सुपरमार्केटला दुधासाठी जायची आणि दूध विसरून तीन माणसांच्या कहाण्या घेऊन यायची. शेजारची एलेनी ही तिची सगळ्यांत मोठी कमाई. एलेनी सत्तरी ओलांडलेली ग्रीक म्हातारी, खाणीत काम करणाऱ्या नवऱ्यामागून तरुणपणी इथं आली आणि त्याला इथंच पुरून इथंच राहिली. दोघींच्या मधे पत्र्याचं कुंपण होतं. त्याच्या वरून लिंबं इकडे यायची, लोणचं तिकडे जायचं.

या एलेनीचं माहेर म्हणजे कावाला. ग्रीसच्या उत्तरेला, समुद्राच्या काठावरचं जुनं बंदर. एलेनी सांगायची की डोंगराचं नाक समुद्रात घुसलंय, त्यावर किल्ला, किल्ल्याखाली उतरणीवर घरं, आणि गावाच्या ऐन मधून पाणी वाहून नेणारी दगडी कमानींची उंच रांग. तिचे वडील तंबाखूच्या वखारीत पानं निवडायचे. सकाळी मासळीच्या होड्या लागल्या की मांजरांची पलटण धक्क्यावर हजर. समोर थासोस बेट, तिकडे जाणारी बोट. शेजारच्या गावात बदाम घातलेली, पिठीसाखरेत लोळवलेली बिस्किटं मिळतात, ती चित्रलेखाच्या मते नानकटाईची मावसबहीण होती. समुद्र जिथून चार तासांच्या ड्राइव्हवर, अशा लाल माळावर बसून दोघी हे सगळं पुन्हा पुन्हा घोळवायच्या.

आणि नाव हे असं. चित्रलेखानं त्याचं पहिल्याच दिवशी कावळा करून टाकलं. "मुरली, आपण कावळ्याला कधी जायचं?" ही घरातली रोजची भाषा झाली. एकदा पुण्याला सासूबाईंशी फोनवर बोलताना ती सहज म्हणाली, "आई, आम्ही मे महिन्यात कावळ्याला जाणार आहोत."

 तिकडून सासूबाईंनी घाबरून विचारलं, "अगं बाई! कोण गेलं?"

पण तो मे उजाडायला फार वर्षं लागली होती. आधी मुलाची, तनयची बारावी आडवी आली. मग गिरणीची मोठी दुरुस्ती निघाली, आणि तिच्या वेळी मुरलीधर नसेल तर जग थांबेल असं मुरलीधरला वाटलं. मग घराचं छप्पर. दर वेळी तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्याला दर वर्षी मनापासून तसं वाटायचं.

शेवटी दोन हजार वीसच्या मे महिन्याची तिकिटं काढली. चित्रलेखानं एलेनीकडून सुप्रभातचं 'कालिमेरा' आणि आभाराचं 'एफखारिस्तो' घोटून घेतलं. मार्चमध्ये देशाची दारं बंद झाली, पाठोपाठ राज्याची. विमान कंपनीचा मेसेज आला तेव्हा चित्रलेखा ओट्याशी उभी होती. तिनं तो मोठ्यानं वाचला, फोन पालथा ठेवला आणि भाजी ढवळायला लागली. मुरलीधरला वाईट वाटलं. आणि त्याच्या आत कुठंतरी, एवढंसं, हायसंही वाटलं. एवढी मोठी रजा मागायला नको, वीस तासांचा प्रवास नको, चालणं नको. हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही. पुढं त्या हायसं वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की आठवण आली तरी तो गाडीत रेडिओ मोठा करायचा.

राज्याच्या सीमा बंद, म्हणजे पूर्वेकडून विमानानं येऊन पाळी करणारी माणसंही बंद. कोविड कालगुर्लीत नव्हता, पण त्याचा सगळा भार मुरलीधरच्या पाठीवर होता. बारा तासांची रात्रपाळी संपवून तो सकाळी घरी यायचा, दोन पोळ्या खायचा आणि दुपार उलटेपर्यंत मेल्यासारखा पडायचा. त्याच हिवाळ्यात चित्रलेखाचं पोट दुखायला लागलं. जिनं उभा जन्म दुसऱ्यांचं रक्त तपासलं, तिच्या रक्ताचा रिपोर्ट पर्थहून आला, आणि तो चांगला नव्हता.

मग पर्थच्या फेऱ्या. विमानानं जायचं, इस्पितळात बसायचं, विमानानं परतायचं. शक्य होतं तेव्हा मुरलीधर बरोबर जायचा आणि तिला सलाइन चालू असताना शेजारच्या खुर्चीत झोपायचा. नर्स त्याच्या अंगावर ब्लँकेट टाकायची. कंपनीनं त्याला दिवसपाळी देऊ केली होती. त्यानं नाही म्हटलं. हिशेब असा की रात्री तीही झोपलेलीच असते, दिवसा आपण घरी असलेले बरे. आणि दिवसा तो घरी असायचा, हे खरंच. आतल्या खोलीत, जाड पडदे ओढून, घोरत. चित्रलेखा म्हणायची, "झोप तू. मी आहे इथंच."

एकवीसच्या ऑगस्टमध्ये ती गेली. त्या वेळी मात्र मुरलीधर जागा होता. तिचा हात त्याच्या हातात होता आणि ती त्याला काही म्हणाली नाही.

तनय मेलबर्नला नोकरीला. त्याला राज्यात शिरायची परवानगी मिळेतो अंत्यसंस्कार होऊन गेले, आणि मिळाली तीही चौदा दिवस पर्थच्या हॉटेलात कोंडून राहण्याच्या अटीवर. तो खोलीतून व्हिडिओ कॉल करायचा, मागे न उघडणारी खिडकी दिसायची. "बाबा, आय ॲम सिक्स हंड्रेड के अवे अँड आय कान्ट गेट आउट," असं म्हणून तो एकदा लहान मुलासारखा रडला.  "जेवलास का?" एवढंच मुरलीधरनं विचारलं.

दहावा त्यानं स्वतःच करायचं ठरवलं. कालगुर्लीत नदी नाही, घाट नाही. राजीव कुलकर्णी, त्याच खाणीतला त्याचा मित्र, त्याला गावाबाहेरच्या तळ्याशी घेऊन गेला. पर्थचे गुरुजी फोनवर. हे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात साऱ्या राज्यातल्या मराठी माणसांचं इहपर. राजीवनं फोन गाडीच्या बॉनेटवर टेकवून उभा केला. कॉलच्या दुसऱ्या चौकटीत तनय होता, हॉटेलातला, अंघोळ करून बसलेला.

मुरलीधरचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. निदान आतापर्यंत नव्हता. पण गेले दहा दिवस तो एकाच वाक्यावर जगत होता. पिंडाला कावळा शिवला नाही की घरच्यांनी पुढं व्हायचं, गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखायची आणि ती पूर्ण करीन म्हणून शब्द द्यायचा, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. चित्रलेखाची इच्छा ओळखायला काही डोकं चालवायला नको होतं. त्यानं वाक्य तयार ठेवलं होतं. 'चित्रा, सीमा उघडली की मी कावाल्याला जाऊन येईन. तुला नेलं नाही, माझं चुकलं. पण मी जाईन.' हे वाक्य तिला हयात असताना सांगायचा त्याला धीर झाला नव्हता. आता कावळा अडून बसेल, वेळ लागेल, आणि सगळ्यांसमोर ते बोलावंच लागेल. त्याला ते बोलायचं होतं. त्यासाठीच तो आला होता म्हणा ना.

"काका, आता पिंड मोकळ्या जागी ठेवा आणि मागे सरा," गुरुजी म्हणाले. "घाई करायची नाही. कधीकधी तासभरही..."

मुरलीधर वाकला. पान जमिनीला टेकलं न टेकलं तोच झाडावरून एक धूड खाली आलं. मुरलीधरचा हात अजून तिथंच होता. कावळ्यानं हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. भाताचा अर्धा गोळा उचलला आणि लांब जाऊन खायला लागला. पाठोपाठ आणखी दोन आले. कालगुर्लीचे कावळे ते, पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यातून मीट-पाय, म्हणजे खिम्याचे पॅटिस, काढून खाणारे. त्यांना कुणाच्या इच्छेशी काय देणंघेणं!

"थांब!" मुरलीधर ओरडला. "थांब, मला बोलायचंय!"

"कोणाशी बोलताय काका?" फोनमधून गुरुजी.

"मला कावाल्याला..."

"शिवला ना कावळा? मला दिसलं की. उत्तम झालं!"

"कावळा नाही, कावाला. कावाल्याला जायचंय मला."

नेटवर्क खरखरलं. "गेला का कावळा?" गुरुजींनी विचारलं. "जाऊ द्या. शिवला, काम झालं. फार पुण्यवान बाई. काही म्हणता काही इच्छा राहिली नव्हती बघा."

राजीवनं मुरलीधरच्या खांद्यावर हात ठेवला. "सुटली रे वहिनी," तो म्हणाला. तनय दुसऱ्या चौकटीतून विचारत होता, "दॅट्स गुड, राइट? बाबा? इट्स गुड ना?"

"हो," मुरलीधर म्हणाला. "चांगलंच झालं."

परतताना तो गाडीत झोपला नाही. काही इच्छा राहिली नव्हती, हे वाक्य त्याला टोचत होतं. बायकोची उभ्या आयुष्यात एक इच्छा त्याला ठाऊक होती, तीच राहिली होती, आणि हे गुरुजी आणि हा उचल्या कावळा मिळून म्हणतात की राहिली नव्हती. तिला आपल्याकडून शब्दसुद्धा नको होता का? इतकी का ती रागावली होती? की तिनं आपल्याकडून अपेक्षा करणंच सोडून दिलं होतं? थकवा त्याला नवा नव्हता. पण हा थकवा निराळा होता, आडवं पडून जाणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एलेनी आली, काळ्या कपड्यांत, हातात झाकलेला वाडगा घेऊन. वाडग्यात उकडलेले गहू होते. साखर, बेदाणे, अक्रोड, डाळिंबाचे दाणे घातलेले. "आमच्यात माणूस गेल्यावर हे करतात," ती म्हणाली. मुरलीधरनं तिला बसायला सांगितलं. खुर्चीवरचे कपडे उचलून कुठं ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून ते हातातच घेऊन तो उभा राहिला. मग तिच्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाला, "एलेनी, मी तिला तुझ्या गावाला नेलं नाही."

एलेनीनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "पण ती जाऊन आली की."

"कुठं?"

"कावाल्याला. दर आठवड्याला. तुला माहीत नाही?"

आणि मग तिनं जे सांगितलं ते असं. एलेनीची धाकटी बहीण देस्पिना अजून तिथंच राहते, किल्ल्याखालच्या उतरणीवर. तिकडे कडक लॉकडाऊन होता, घराबाहेर पडायला फोनवरून सरकारला मेसेज करावा लागायचा. देस्पिना एकटी. इकडे चित्रलेखा आजारी. एलेनीनं दोघींची गाठ घालून दिली. मग देस्पिना सकाळी व्यायामाच्या नावाखाली मेसेज करून बाहेर पडायची आणि फोन समोर धरून चालायची, आणि इथं कालगुर्लीच्या दुपारी चित्रलेखा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिच्याबरोबर हिंडायची. धक्का, कमानी, तंबाखूच्या रिकाम्या वखारी, किल्ल्याचा चढ. निर्बंध उठल्यावर दोघी बसनं किनाऱ्याकिनाऱ्यानं बाहेरही जाऊन आल्या. बिस्किटांच्या गावाला गेल्या. एका छोट्या पुळणीवर देस्पिनानं चपला काढून फोन पाण्याजवळ नेला, आणि चित्रलेखानं इकडे टेबलाखाली पाय वर घेतले. एलेनी सांगता सांगता हसली आणि तिनं डोळे पुसले.

"मी तेव्हा कुठं होतो?" मुरलीधरनं विचारलं. उत्तर त्याला विचारतानाच माहीत होतं.

"मला वाटलं तिनं तुला सांगितलं असेल," एलेनी म्हणाली.

सांगितलं होतं. तेच तर आता त्याला आठवलं. तो कामावर जायला निघाला होता, दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. चित्रलेखा मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मुरली, आज मी कावळ्याला जाऊन आले." आणि तो मान वर न करता म्हणाला होता, "बरं केलंस." ती जराशी थांबली होती. तो पुढं काही विचारेल म्हणून थांबली असेल. त्यानं डबा उचलला आणि तो गेला.

मुरलीधर खाली बसला, हातातल्या कपड्यांसकट. कावळ्याचं काही चुकलं नव्हतं. तिची इच्छा राहिली नव्हतीच. ती पुरी झाली होती, याच घरात, भिंतीपलीकडे, तो असताना, त्याच्याशिवाय. तिनं शब्द मागितला नाही कारण तिला त्याची गरजच उरली नव्हती. याचा आनंद व्हायला हवा हे त्याला समजत होतं. त्याला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"मला दाखवशील?" तो एलेनीला म्हणाला. "ते गाव."

एलेनीनं फोन लावला. तिकडे सकाळ होती. देस्पिना दिसली, एलेनीचंच नाक, मास्क हनुवटीवर ओढलेला. दोघी बहिणी ग्रीकमध्ये काहीतरी बोलल्या. देस्पिनानं छातीवर हात ठेवला. मग फोनच्या अगदी जवळ येऊन तिनं मुरलीधरकडे निरखून पाहिलं.

"यू आर द हजबंड?" तिनं विचारलं. "द स्लीपिंग हजबंड?"

एलेनी बहिणीवर खेकसली. "येस," मुरलीधर म्हणाला.

देस्पिना चालायला लागली. पडद्यावर होड्या आल्या, जाळ्यांचे पिवळे ढीग, वर किल्ला, आणि पाणी इतकं निळं की कालगुर्लीच्या डोळ्यांना सहन होऊ नये. ती बोट दाखवून सांगत होती, पण आवाज इतका बारीक की एक अक्षर कळेना. मुरलीधरनं फोनचा आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. तरी तेच. समोरून एक जाडा कोळी येत होता. फोन दिसताच त्यानं हात उंचावला, काहीतरी बोलणार होता, पण लगेच ओठांवर बोट ठेवून तो नुसता हसला.

"नेटवर्क खराब आहे का?" मुरलीधरनं विचारलं.

एलेनीनं मान हलवली. सांगावं की नाही अशी घुटमळली. मग म्हणाली, "पहिल्याच दिवशी चित्रानं तिला बजावलं होतं, हळू बोल. माझा नवरा आतल्या खोलीत झोपलाय, रात्रभर काम करून आलाय, त्याची झोपमोड नको. तेव्हापासून ती हा फोन हातात धरला की कुजबुजतच चालते. तिथल्या लोकांनाही ठाऊक झालंय."

देस्पिना कमानींखाली पोचली होती. तिथं तिनं फोन वर केला, आणि मग चित्रलेखासाठी थांबत असेल तशी थांबली.

"देस्पिना," मुरलीधर म्हणाला.  "लाउडर, प्लीज. आय ॲम अवेक." आणि ते तिला समजलं नाहीसं वाटून, काय बोलतोय याचं भान न राहून, तो मराठीतच म्हणाला, "मोठ्यानं बोला हो बाई. मी जागा आहे. मी आता जागाच असतो."

देस्पिनानं ऐकलं, आदरानं मान डोलावली, आणि तशीच हळू आवाजात बोलत ती कमानीखालून पुढं निघाली.